घास अडकतो म्हणजे नेमकं काय होतं?

परवा पुतण्या सहकुटुंब येऊन गेला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा असा साधाच बेत होता. तो जेवत होता आणि आम्ही सगळे आपापलं जेवण सोडून त्याच्या ताटाकडे बघत होतो. शेवटी तोच म्हणाला, "काका, आता नका असं बघू. उतरतोय घास."

त्या घासाचीच ही हकिगत. पुतण्याची परवानगी घेऊन लिहितो आहे. नाव घालू नका एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धवट माहीत आहे. "त्याला म्हणे कॅन्सर होता आणि बरा झाला", इथपासून "काही नव्हतंच, उगाच ऑपरेशन केलं", इथपर्यंत सगळं माझ्या कानावर आलेलं आहे. दोन्ही खोटं. खरं काय ते एकदा सांगून टाकतो, आणि त्यातून माझं जे मत झालं आहे तेही. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि जन्मभर शाळेत मराठीच शिकवलं. तरीही या विषयावर मला बोलायचं आहे, कारण या दुखण्याचा निम्मा घोळ शब्दांचा होता.

पुतण्या एसटीत कंडक्टर. वय शेहेचाळीस. २०२१ च्या दिवाळीत त्याने चकली खायची सोडली. "दाताला लागते" म्हणाला, कुणी लक्ष दिलं नाही. २०२२ च्या संक्रांतीला बाजरीची भाकरी ताकात कुस्करून घेऊ लागला. पावसाळ्यापर्यंत प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट लागायला लागला. ड्यूटीवर असताना तो डबा परत आणायचा आणि वाटेत चहा-बिस्किटावर भागवायचा. हे सगळं त्याने कुणाला सांगितलं नाही. सूनबाईंनी मात्र पाहिलं. बायका स्वयंपाकघरातून फार पाहतात. कोण काय टाकतो, कोण काय टाळतो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. चार महिने त्या झाल्या. मग एका मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी झाली. "आतलं अस्तर एकदम स्वच्छ आहे. एके ठिकाणी किंचित फुगवटा वाटतो, तिथला तुकडा तपासायला पाठवला आहे." आठ दिवसांनी रिपोर्ट आला, नॉर्मल. घरी पेढे आले. आणि मी, मी काय केलं? मी पुतण्याला म्हणालो, "आता रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग मनातून काढून टाक. घास बत्तीस वेळा चावून खा." वर थोडा रागावलोही. चांगला जाणता माणूस घाबरटासारखा काय करतो म्हणून. त्यानंतर जवळजवळ सात-आठ महिने तो घरात कुणाकडेही तक्रार न करता भात कालवून खात राहिला. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

२०२३ च्या पाडव्याला श्रीखंडसुद्धा पाण्याबरोबर गिळताना सूनबाईंनी बघितलं आणि त्या हट्टाने त्याला पुण्याला घेऊन गेल्या. मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. मी आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या, पण अशी परीक्षा पाहिली नव्हती. घास तोंडातून मागे ढकलायलाच त्रास होतो, की गिळल्यावर दोन-चार सेकंदांनी खाली कुठेतरी थांबतो? ठसका लागतो का? दुखतं का, की नुसतं अडकतं? आधी घट्ट पदार्थ अडकायला लागले आणि मग पातळ, की पहिल्यापासून दोन्ही? परत येतं ते आंबट असतं, की खाल्लं तसंच? रोज अडकतं, की एखाद्या दिवशी? शेवटचा प्रश्न त्यांनी सूनबाईंना विचारला: यांनी कधी, काय खायचं सोडलं ते सांगा. त्यावर सूनबाईंनी चकलीपासून श्रीखंडापर्यंत सगळा सणवार सांगितला. डॉक्टर लिहून घेत होते!

आता मंडळी, इथे मला माझ्या भाषेचा अभिमान वाटला, तो सांगतो. केसपेपरवर या सगळ्याला एकच इंग्रजी शब्द असतो, डिस्फेजिया. गिळायला त्रास. आपल्याकडे मात्र पाहा. 'ठसका लागतो' म्हणजे अन्न श्वासाच्या वाटेला जातं. हा दोष बहुधा घशातला किंवा मेंदू-मज्जातंतूंचा, पक्षाघातानंतर होतो तसा. 'घास छातीत अडकतो' म्हणजे तो घशातून उतरला, पण अन्ननलिकेत थांबला. 'गिळताना दुखतं' म्हणजे आत जखम किंवा सूज असण्याची शक्यता. 'घशाशी येतं' म्हणजे आम्लपित्त. 'घशात आवंढा आल्यासारखं वाटतं' म्हणजे गोळा असल्याची भावना सतत आहे, पण जेवण व्यवस्थित उतरतं. यात बहुतेक वेळा गाठ नसते. 'उलटी झाली' आणि 'खाल्लेलं तसंच वर आलं' या दोन गोष्टीही वेगळ्या. दुसऱ्यात अन्न पोटापर्यंत पोहोचलेलंच नसतं. आमच्या खेड्यातली अडाणी म्हातारीसुद्धा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पण तिचं बोलणं केसपेपरवर उतरताना सगळे शब्द एकाच खुंटीवर टांगले जातात, आणि पुढच्या डॉक्टरांच्या हाती फक्त खुंटी येते.

हे फरक नुसते भाषेचे नाहीत. वाट हळूहळू अरुंद होत असेल, म्हणजे आत किंवा बाहेरून काहीतरी वाढत असेल, तर आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेज. नळीच्या स्नायूंची हालचालच बिघडली असेल तर पाणी आणि भाकरी दोन्ही सुरुवातीपासून अडकू शकतात. बोट कुठे ठेवतो यालाही अर्थ आहे, पण तो जपून घ्यावा लागतो. छातीवर बोट ठेवणारा सहसा बरोबर असतो, पण गळ्यावर बोट ठेवणाऱ्याचा अडथळा कधी कधी बराच खाली असतो. आणि काळ! कॅन्सरमध्ये हे सगळं बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वेगाने वाढतं, वजन झपाट्याने उतरतं. पुतण्याचं दीड वर्षं चाललं होतं आणि वजन चार किलोच उतरलं होतं. म्हणजे काहीतरी वाढत होतं, पण सावकाश. सूनबाईंच्या सणवारांच्या यादीतून डॉक्टरांनी एवढं ओळखलं, कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी.

मग त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं. अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब, आणि तिच्या भिंतीला थर असतात. आतलं अस्तर, त्याखालचा मऊ थर, मग स्नायूंचा थर, आणि बाहेरचं आवरण. नेहमीचा कॅन्सर अस्तरात सुरू होतो. दुर्बिणीला तो दिसतो आणि चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात सापडतो. पण काही गाठी अस्तराच्या खाली, स्नायूत वाढतात. अस्तर त्यांच्यावरून चादरीसारखं ताणलेलं असतं, स्वच्छ, गुलाबी. चिमटा दोन-तीन मिलिमीटरचा अस्तराचा तुकडा तोडतो, आणि अस्तर निरोगीच असतं. रिपोर्ट नॉर्मल येतो तो खराच असतो. तो विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असतो. चूक प्रश्नात असते.

पेपर तपासताना असं व्हायचं. मुलाने उत्तर अचूक लिहिलेलं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं. तिथे आपण गुण देत नाही. मग इथे पेढे का वाटले?

पुढची तपासणी झाली ती दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफी बसवलेल्या नळीने. ही युक्ती १९८० च्या सुमाराला आली. त्याआधीचा इतिहास मी नंतर हौसेने वाचला. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याच्या पोटात सरळ नळी घालून बघितलं होतं! वाकणारी दुर्बीण यायला काचतंतू लागले. १९५४ मध्ये पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडनमध्ये त्या तंतूंतून चित्र नेऊन दाखवलं, आणि ते वाचून हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत वाकणारी दुर्बीण दाखवली. तेव्हापासून आपण आत बघू लागलो. पण भिंतीच्या आत काय आहे ते बघून कळत नाही. त्यासाठी आवाज पाठवायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. या तपासणीत अन्ननलिकेची भिंत पाच पट्ट्यांसारखी दिसते. पुतण्याची गाठ चौथ्या पट्टीतून, म्हणजे स्नायूतून निघाली होती. सहा सेंटिमीटर. सीटी स्कॅनमध्येही तेच.

'ट्यूमर' हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात शिरला. सूनबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या. ट्यूमर म्हणजे कॅन्सर असं आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. खरं तर ट्यूमर म्हणजे नुसती वाढ, गाठ. ती साधी असते, संशयी असते किंवा घातक असते, आणि यातली कुठली हे ठरवण्यालाच निदान म्हणायचं. पुतण्याच्या बाबतीत मुख्य शक्यता दोन होत्या. पहिली लिओमायोमा, म्हणजे स्नायूची साधी गाठ. अन्ननलिकेतल्या साध्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. दुसरी जिस्ट, ही अन्ननलिकेत फार क्वचित, जठरात जास्त, आणि तिचा भरवसा देता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशी सारख्याच दिसू शकतात, टकळीवर भरलेल्या सुतासारख्या, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळत्या. म्हणून त्यांना निरनिराळी रसायनं लावून बघतात. डेस्मिनचा रंग धरला तर स्नायूची गाठ, सीडी ११७ चा धरला तर बहुधा जिस्ट. हा भेद जगाला नीट कळायला १९९८ साल उजाडावं लागलं. जपानी संशोधकांनी जिस्टमधला जनुकीय बिघाड दाखवला. त्याआधी अशा कितीतरी गाठी स्नायूच्याच म्हणून नोंदल्या जात. आणि हा नुसता नावाचा कीस नव्हता. २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी इमॅटिनिब हे औषध मंजूर झालं. म्हणजे नाव बदललं की उपचार बदलतो, ऑपरेशनही बदलतं. साधी गाठ नुसती सोलून काढता येते, जिस्टला भिंतीसकट काढायची वेळ येऊ शकते.

अशा गाठीतून सुईने नमुना घ्यावा की घेऊ नये याबद्दल डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत. गाठ मोठी होती म्हणून आमच्या डॉक्टरांनी घेतला. रिपोर्ट लिओमायोमा. मग छातीत छोटी छिद्रं पाडून गाठ सोलून काढली. पण एके ठिकाणी अस्तर गाठीला चिकटून बसलं होतं, तिथे ते फाटलं आणि टाके घालावे लागले. आधी चिमट्याने तुकडे घेतले होते तीच जागा, असं सर्जन म्हणाले. अस्तर गुळगुळीत असेल आणि खाली स्नायूची गाठ वाटत असेल, तर वरून चिमटे घेण्याआधी दोनदा विचार करतात तो यासाठी. दवाखान्यातला मुक्काम वाढला, बरेच दिवस तोंडाने काही नाही. पण निभावलं. पूर्ण गाठ तपासली, तेव्हाही निदान तेच राहिलं.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. फुगवटा त्यांनी पाहिला होता, रिपोर्टवर लिहिलाही होता. पण 'नॉर्मल' हा शब्द वाचल्यावर त्यांनी, आम्ही, सगळ्यांनीच तो फुगवटा विसरून टाकला. माणूस जेवू शकत नव्हता हेही विसरून टाकलं. माझं म्हणणं एवढंच आहे. तक्रार उभी असेल तर रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काम संपलं असं नव्हे. अजून उत्तर सापडलेलं नाही असा त्याचा अर्थ.

या चुका उलट्या दिशेनेही होतात, हे मला नंतर कळलं. ग्रॅन्युलर सेल नावाची एक लहानशी पिवळसर गाठ असते. १९२६ मध्ये अब्रिकोसोव्ह या रशियन डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. ती बहुतेक वेळा साधी असते, पण तिच्यावरचं अस्तर असं काही वाढतं की वरवरचा तुकडा बघणाऱ्याला कॅन्सर वाटावा. तिथे उथळ तुकडा नको ती भीती घालतो. आणखी एक प्रकार म्हणजे नळीच्या वरच्या भागातून देठाने लोंबणारी लांब गाठ. तिच्यावर नेहमीसारखंच अस्तर असतं, त्यामुळे दुर्बीण तिच्या शेजारून सरकून जाऊ शकते. अशी गाठ खोकल्यासरशी तोंडात येऊन श्वास कोंडल्याची उदाहरणं आहेत. "काहीतरी तोंडात येतं आणि परत जातं" असं कुणी म्हणालं तर ते वेड्याचं बोलणं समजू नये. आणि पोटाच्या तोंडाशी लपलेला कॅन्सर कधी कधी स्नायूंच्या बिघाडाचं सोंग घेतो. वय जास्त, त्रास थोड्या महिन्यांचा आणि वजन भराभर उतरलेलं असेल तर डॉक्टर सावध होतात. तिन्हींमध्ये उपयोगी पडतं ते पेशंटचं बोलणं.

यावर कुणी म्हणेल, काका, प्रत्येक अडकलेल्या घासासाठी पुण्या-मुंबईची सोनोग्राफी करायची का? नाही. ती महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, आणि अशा गाठी दुर्मीळच असतात. आपल्याकडे घास अडकणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिली भीती अन्ननलिकेच्या नेहमीच्या कॅन्सरची असते, विशेषतः तंबाखू आणि दारू असेल तर. म्हणून पहिली दुर्बीण लवकर झालीच पाहिजे. भाकरी दिवसेंदिवस जास्त अडकत असताना चार चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसणं चूक, आणि ती आम्ही केली. पण दुर्बिणीनंतरही घास अडकतच असेल, तर पुन्हा जाऊन "मग का अडकतो?" हे विचारायला पैसे लागत नाहीत. नीट सांगायला आणि नीट ऐकायलाही लागत नाहीत. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना वीस मिनिटं कुठून मिळणार, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच सांगण्याची तयारी आपण घरून करून जावी. कधीपासून, आधी काय अडकलं, आता काय अडकतं, वजन किती उतरलं, ठसका की अडकणं. पोस्टकार्डावर मावेल एवढंच. आणि घरात जी व्यक्ती वाढते तिला सोबत न्यावं. पेशंट स्वतः खोटं बोलतो. मुद्दाम नव्हे, तो ताकात भाकरी कुस्करायला शिकतो आणि मग त्याला वाटतं आपलं बरं चाललं आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी बत्तीस वेळा चावण्याचे सल्ले देऊ नयेत. हे मी स्वतःला उद्देशून लिहितो आहे.

असो. परवा पुतण्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी घेतली. मध्ये पाण्याचा तांब्या होता, त्याला जेवण होईपर्यंत हात लावला नाही. सूनबाई तांब्याकडेच बघत होत्या.

जाता जाता वाचकांना एक विनंती. गिळण्याच्या त्रासाला मी वर दिलेले शब्द आमच्या सातारा भागातले. कोकणात, वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात, गोव्यात याला काय काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारा आणि जरूर कळवा. एकत्र करून आमच्या डॉक्टरांना नेऊन द्यायचा विचार आहे. त्यांनीच मागितले आहेत.